हिटलरशी न लढलेली जीप

निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागावं, अशी निसर्गाचीच योजना असावी. कुणी गुलाब लावतो, कुणी होमिओपॅथीची पेटी घेऊन शेजाऱ्यांच्या मागे लागतो. मी तीसेक वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांना इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर त्यातलाच एक तुकडा विकत घेतला. तुकडा चारचाकी होता. म्हणजे तसा विकणाऱ्याचा दावा होता. प्रत्यक्षात चाकं तीन होती आणि चौथ्या जागी विटा.

"सर, अस्सल मिलिटरी जीप हाये. हिटलरसंगं लढेल!" भंगारवाला म्हणाला.

ज्या माणसानं हजारो पोरांकडून दुसऱ्या महायुद्धाची कारणं आणि परिणाम पाठ करून घेतले, त्यानं यावर निदान एक शंका काढायला हवी होती. मी किंमत विचारली. आधी नोटा मोजल्या आणि घरी आल्यावर जीपच्या जाळीतल्या फटी मोजल्या. तिथंच चुकलं. युद्धातल्या जीपच्या तोंडावर नऊ उभ्या फटी असत, नंतरच्या नागरी जीपला सात. माझ्या जीपला सातच! शिवाय नाक चांगलं वर. हे नाक म्हणजे विलीज कंपनीच्या 'सीजे-थ्री-बी'ची खूण. १९५३ साली कंपनीनं नवं, जरा उंच इंजिन आणलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. आणि हिटलर गेला १९४५ साली.

"म्हणजे ही त्याच्या तेराव्यालासुद्धा नव्हती," सौभाग्यवती म्हणाल्या.

पण जुनी जीप घेऊन फसलेला मी पहिला नव्हे. स्वतंत्र भारताचं सरकार माझ्या आधी फसलं आहे. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी जीपा हव्या होत्या. लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी डागडुजी केलेल्या दोन हजार जुन्या जीपांचा, सुमारे ८० लाख रुपयांचा सौदा केला. आल्या १५५, आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत बरीच वर्षं धुरळा उडाला. १९५५ साली सरकारनं प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्री झाले. मला घरातलं साधं दूधखातंसुद्धा परत मिळालेलं नाही.

जीपच्या जन्मकथेतही असाच न्याय आहे. १९४० साली अमेरिकन सैन्यानं कारखानदारांना नमुना गाडी करून आणायला फक्त ४९ दिवस दिले. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ती वेळेत नेऊन उभी केली. मग मोठी कंत्राटं मिळाली विलीज आणि फोर्ड यांना. त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या आणि बँटमच्या वाट्याला जीपमागचे ट्रेलर आले. पेपर सोडवला एकानं, पहिला नंबर दुसऱ्याचा!

आपल्याकडे ती आणली महिंद्रांनी. १९४५ साली कंपनी निघाली तेव्हा नाव होतं 'महिंद्र अँड महंमद'. यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली; देश तुटला तरी दोन 'एम' शाबूत राहिले. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून जीपा होऊ लागल्या आणि तिथून त्या गावोगाव गेल्या.

आमच्या जिल्ह्याला तर जीपच हवी होती. इथली काळी माती कपाशीला आई आणि चाकाला सावत्र आई. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की चाकाचं जातं होतं. जीपमध्ये गिअरशेजारी आणखी दोन दांडे असतात. एकानं पुढची चाकंही ओढायला लागतात. दुसऱ्यानं वेग मरतो, पण जोर वाढतो. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि बी.डी.ओ.साहेबांची जीप ही खेड्यातली ठरलेली गोष्ट झाली. सरकार म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आम्ही दोन पानांत सांगत असू. खेड्यातल्या माणसाला ते एका धुळीच्या लोटात कळे.

तर ही माझी जीप आर्णी रोडवरच्या एका गॅरेजात गेली. मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आता माझी जागा त्याच्या पुढ्यातल्या स्टुलावर होती. अमेरिकेनं ४९ दिवसांत अख्खी गाडी केली, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं तेवढे दिवस एकट्या कार्बोरेटरला घेतले.

त्यात आमचं तत्त्वावरून भांडण. २०२१ सालच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो. नोंदणीचे वीस हजार रुपये भरायचे. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. आता आपल्या देशात जीप मूळ रूपात ठेवायची म्हणजे मुंज लागलेल्या मुलाला परत पाळण्यात घालण्यासारखं आहे. पेट्रोल महागलं तशी कितीतरी जीपांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली. माझ्या जीपचं इंजिन नशिबानं मूळचंच होतं. बाकी दिवे ट्रकचे, सीट एस.टी.च्या वळणाची आणि हॉर्न कशाचा ते ऐकूनही कळत नव्हतं. मी म्हणे, "सगळं मूळचं कर." मिस्त्री म्हणे, "मूळचं म्हंजे कोन्या सालचं, सर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात तो असले प्रश्न विचारत नसे.

मग रंग उतरवायला घेतला. वरचा निळा पॉलिश पेपरनं गेला. खाली पांढरा निघाला. पांढऱ्याखाली करडा, सरकारी. आणि एका दुपारी मिस्त्रीचा हात थांबला.

"सर, हे पाहा बरं काय निंगालं."

करड्या पत्र्यावर उलटा लाल त्रिकोण होता. कुटुंबनियोजनाचा. कडा झिजलेल्या, पण रंग ताजा वाटावा असा.

"माहे बाबा सांगत," तो म्हणाला, "आनीबानीत जीपची धूळ दिसली का सारे गडी तुरीत घुसत. बाबा दोन रात्री वावरातच होते." मग पत्र्यावर फुंकर मारून म्हणाला, "तवा सापडले असते तं तुमची जीप दुरुस्त कराले मी नसतो जी."

तो हसला. मलाही हसू आलं, पण अर्ध्यात अडकलं. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणी मी वर्गात तीन ओळींत शिकवत असे: कधी लागली, कधी उठली, परिणाम लिहा. ज्याचा जन्म त्या परिणामांतून निसटला होता, तो मागच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होता.

आणि गंमत म्हणजे १९७२च्या दुष्काळात अशाच जीपची लोक वाट बघत असत. खडी फोडणाऱ्यांचा पगार घेऊन साहेब जीपमधून येई, पोरांची सुकडी येई. चारच वर्षांत तीच धूळ बघून माणसं पळू लागली.

"घासून काढू का?" मिस्त्रीनं विचारलं.

मी म्हटलं, "नको. बाकी लांबी भरून कर करडी. एवढं ठेव."

जीप झाली. तळहाताएवढ्या जागेला रंग नाही. बघणारा प्रत्येक जण 'पेंटरनं फसवलं वाटतं' म्हणतो आणि मी 'हो' म्हणतो. परवा मिस्त्रीनं वडिलांना दाखवायला आणलं. म्हाताऱ्यानं जीपला एक फेरी घातली, त्रिकोणापाशी थांबले, बोटानं तो चाचपला आणि काही न बोलता पुढच्या सीटवर चढून बसले. मी विचारलं, "बाबाजी, एक चक्कर मारायची का?"

"चाला," ते म्हणाले. "पन हळू जी. मांगं धूळ नाही उडाली पाह्यजे."