सुताराचे विमान

शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत जुन्या विमानांची लाकडी मॉडेल्स मिळतात, त्यांतली बहुतेक मला आवडत नाहीत. भरीव ठोकळा कोरायचा आणि वर चकचकीत पॉलिश चढवायचे. त्यात विमानाचा आकार येतो, पण ते कसे बांधले होते हे कळत नाही. माझ्या टेबलावरचे मॉडेल त्या जातीचे नाही. ते आहे डी हॅविलंड कंपनीच्या ‘जिप्सी मॉथ’चे, एकास चोवीस प्रमाणातले. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेले हे विमान. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा 30 फूट, माझ्याकडच्याचा 15 इंच. करणाऱ्याने त्याच्या डाव्या पंखांना कापड लावले आहे आणि उजवे पंख उघडे ठेवले आहेत.

त्या उघड्या बाजूनेच मला हा इतिहास वाचायला लावला.

प्रत्येक पंखात दोन लांब आडव्या पट्ट्या आणि त्यांवर ओळीने बसवलेल्या पातळ फासळ्या आहेत. वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये उभे खांब आणि तिरक्या तारा. विमान उडताना एका दिशेच्या तारा ताण घेतात, जमिनीवर उभे असताना दुसऱ्या दिशेच्या. लोखंडी पुलाच्या कैच्यांचेच हे तत्त्व, फक्त इथे सगळे लाकडाचे आणि हलके. मॉडेलमध्ये तारांच्या जागी दोरा आहे. एक दोरा सैल पडला तरी पंख पिळवटतो. मूळ विमानाचा सांगाडा स्प्रूस लाकडाचा, धडाला प्लायवूड, पंखांवर लिननचे कापड आणि त्या कापडावर ‘डोप’ नावाचे रोगण. डोप सुकताना कापड आकसून ढोलाच्या चामड्यासारखे ताणले जाते. पंख मागे दुमडताही येत, दिव्यावर येणारा पतंग मिटतो तसे. नावातला ‘मॉथ’ म्हणजे तोच पतंग. जेफ्री डी हॅविलंड यांना कीटकांचा नाद होता. या घराण्यातले पहिले मॉथ 1925 मध्ये उडाले आणि ‘जिप्सी’ इंजिन त्यात आले 1928 मध्ये.

म्हणजे विमानाचे इंजिन कारखान्याचे असले, तरी बाकीचे बरेचसे काम सुताराचे, शिंप्याचे आणि रंगाऱ्याचे होते. लाकडी मॉडेल ही अशा विमानाची दुसऱ्या पदार्थातली नक्कल ठरत नाही. तेच काम लहान हातांनी पुन्हा केलेले असते.

1930 च्या मे महिन्यात इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधल्या आकाशात अशी निदान तीन विमाने होती. आगाखानांनी एकट्याने हा प्रवास पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी 500 पौंडांचे बक्षीस लावले होते. जे.आर.डी. टाटा 3 मे रोजी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी इंजिनियर हा कोवळा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगसाठी अडला होता. जे.आर.डीं.नी आपल्याकडचा दिला, आणि बक्षीस अस्पीने जिंकले. हा प्रसंग आपल्याकडे आवडीने सांगितला जातो.

तिसऱ्या विमानाची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. 5 मे रोजी ॲमी जॉन्सन ही सव्वीस वर्षांची तरुणी ‘जेसन’ नावाचे जुने, वापरलेले जिप्सी मॉथ घेऊन क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली. सहाव्या दिवशी ती कराचीत होती. पुढे अलाहाबाद गाठायचे होते, पण पेट्रोल पुरेना म्हणून ती झाशीच्या लष्करी मैदानावर उतरली. उतरताना पंखाला मार बसला. तो तिथल्या सुताराने रातोरात दुरुस्त केला आणि ती पुढे गेली. मी वाचलेल्या कथनांत त्याचा उल्लेख ‘सुतार’ एवढाच येतो. मला तो त्या रात्री कंदिलाच्या उजेडात, कधी न पाहिलेल्या वस्तूसमोर बसलेला दिसतो. वस्तू नवीन असली तरी मोडलेली फासळी कशी सांधायची हे त्याला ठाऊकच असणार.

त्यानंतर रंगूनजवळच्या इनसीनला मुसळधार पावसात ती चुकून एका तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. पंखा मोडला, पंखाचे कापड फाटले. पंख्याचा जादा जोड तिने बरोबर बांधून आणला होता. कापड मात्र नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या लिननचे कोणी शर्ट शिवून घेतले होते. ते शर्ट उसवून पंखाला लावले. डोप तिथेच तयार करवून घेतले. शाळेतल्या शिक्षकांनी आणि मुलांनी पंख उभा केला. 24 मे रोजी ती डार्विनला पोहोचली. ‘जेसन’ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

हे सगळे शक्य झाले ते विमान लाकडाचे होते म्हणून. विमान पुढे धातूचे झाले आणि ते व्हायलाच हवे होते; लाकूड कुजते, सरस सुटतो. आपल्याकडे डॉ. वि. मा. घाटगे यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आखलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये उडाले. एकच पंखजोडी, सगळे धातूचे. मॉथच्याच घराण्यातल्या टायगर मॉथची जागा पुढे त्याने घेतली. एचटी-2 चा मला अभिमान आहे. पण त्याचा पंख फाटला असता, तर रिव्हेट मारणारा कारागीर आणि त्याची हत्यारे येईपर्यंत ते झाशीच्या मैदानावर तसेच उभे राहिले असते.