प्रतीक्षा यादीतील उमेदवाराचा हक्क

सरकारी नोकरीच्या परीक्षेत आपल्या मुलाचे नाव निवड यादीत नसून प्रतीक्षा यादीत आले, असे कळल्यावर आनंद मानावा की चिंता करावी, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांस पडतो. कुंभवली, बोईसर, पालघर या भागातील आपल्या ज्ञातीत असे प्रसंग वारंवार येतात. मी कायद्याचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर शाळेत शिकविले, इतकेच. तथापि माझ्या एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने या विषयाचे वाचन घडले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

कंपनी सरकारच्या अमदानीत मोठ्या नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत. मेकॉले यांच्या समितीने १८५४ साली स्पर्धा परीक्षेची शिफारस केली व पुढील वर्षी लंडन येथे पहिली परीक्षा झाली. शिफारशीच्या जागी गुण आले. परंतु गुण मिळविणाराचा सरकारवर हक्क आला नाही. १९५० साली भारताची राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली. संधी म्हणजे प्रत्यक्ष नेमणूक नव्हे, हा भेद मात्र न्यायालयात जाऊनच लोकांस उमगला.

हरियाणात न्यायाधीशांच्या १५ जागांची जाहिरात निघाली. ४० उमेदवारांस ४५ टक्के वा अधिक गुण मिळून ते पात्र ठरले. सरकारने मात्र ५५ टक्क्यांवरील पहिल्या सातांनाच नेमले. आठवा, नववा व तेरावा असे तिघे उच्च न्यायालयात जिंकले; पण १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. जागा रिकामी आहे एवढ्याने नेमणुकीचा हक्क उत्पन्न होत नाही, असे ठरले. आठव्या क्रमांकाच्या त्या तरुणाची अवस्था मनात आणावी!

पुढे १९९१ साली शंकरसन दाश यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हेच तत्त्व कायम केले, पण त्यास दुसरी बाजू जोडली. जाहिरात हे केवळ अर्ज करण्याचे आमंत्रण होय, सर्व जागा भरण्याचे बंधन सरकारवर नाही. तथापि सरकारने मनमानी करू नये, जागा न भरण्यास प्रामाणिक कारण असावे, आणि जागा भरावयाच्या तर गुणानुक्रम पाळलाच पाहिजे. माझ्या मते उमेदवाराचे खरे बळ या दुसऱ्या बाजूत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तेज प्रकाश पाठक यांच्या खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने तिला दुजोरा दिला. तेथे अनुवादकांच्या भरतीत परीक्षा झाल्यावर ७५ टक्क्यांची अट घातली गेली होती. आपल्याकडील एस.टी. महामंडळाच्या चालक भरतीच्या खटल्यातही २००१ साली, मध्येच निकष बदलता येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले होते.

हे सारे निवड यादीविषयी झाले. प्रतीक्षा यादीचा खुलासा १९९४ साली गुजरातच्या उपकार्यकारी अभियंत्यांच्या खटल्यात झाला. ही यादी भरतीचा कायमचा झरा नव्हे. पुढे निर्माण होणाऱ्या जागा तीतून भरावयाच्या नसतात. निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही आणि त्या वेळी यादीची मुदत चालू असली, तरच खालच्या उमेदवारास हक्क सांगता येतो. रुजू होऊन मग राजीनामा दिला, तर गोष्ट निराळी. २००१ सालच्या पंजाबमधील एका खटल्यात एकच जागा होती. निवडलेला इसम रुजू होताच यादी संपली, असे न्यायालयाने ठरविले.

माझा विद्यार्थी नेमका येथेच चुकला. एका कार्यालयात लिपिकाच्या जागेसाठी तो प्रतीक्षा यादीत पहिला होता. वरचा उमेदवार रुजू झालाच नाही. हे त्याला कोणी कळविले नाही. त्यानेही तारापूरच्या कारखान्यातील चालते काम सोडून पत्राची वाट पाहिली, फेऱ्या मारल्या, साहेबांना तोंडी विचारले, 'बघू' हे उत्तर घेऊन परतला. एक लेखी अर्ज मात्र केला नाही. यादीची मुदत सरली. माहितीच्या अधिकारात त्याने कागद मिळविले, तेव्हा जागा रिकामी होती हे कळले. पण तोपर्यंत नवी जाहिरात निघाली होती व त्याचे वयही मर्यादेपलीकडे गेले होते. त्याची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "गुरुजी, नंबर पहिला होता ना?" मला उत्तर सुचले नाही.

म्हणून पालकांनी यादी लागताच तिची मुदत विचारून घ्यावी. वरचे उमेदवार रुजू झाले की नाही, हे मुदतीच्या आतच २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारावे. जागा रिकामी आढळल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. राज्य सरकारच्या पदांसाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण असून त्याचे मुख्य पीठ मुंबईस आहे. अंतिम आदेशापासून एका वर्षात तेथे जावे लागते. अर्जास उत्तरच आले नाही, तर सहा महिने वाट पाहून त्यापुढील एका वर्षात. जिल्हा परिषदेच्या नोकरीचा वाद असल्यास उच्च न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.