ठशापासून डिजिटल पासपोर्टपर्यंत

तुमच्या गल्लीतली ई-स्कूटर दहा वर्षांनी भंगारात जाईल. तिची बॅटरी फोडणाऱ्या कामगाराला आत काय आहे आणि ती कशी उघडायची हे कळले नाही, तर आग लागू शकते. वस्तूची माहिती वस्तूसोबत कशी न्यायची, हा प्रश्न जुनाच आहे. त्याच्या उत्तराचे चार टप्पे पाहू.

१. खूण
1478 मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये सोन्याचांदीच्या जिनसांवर वर्षदर्शक अक्षर उमटवू लागले. ‘हॉलमार्क’ हा शब्द त्या हॉलवरूनच आला. माल कमअस्सल निघाला, तर कोणत्या वर्षीच्या तपासनिसाला जाब विचारायचा, हे अक्षरावरून कळे. मात्र वर्षभराच्या सगळ्या जिनसांना अक्षर एकच. आपल्याकडे 2021 पासून आलेला सहा वर्ण-अंकांचा एचयूआयडी प्रत्येक दागिन्याला वेगळा असतो.

२. क्रमांक
26 जून 1974 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला. त्या रेघांत किंमत नव्हती, फक्त क्रमांक होता. किंमत दुकानाच्या संगणकात होती. ओळख वस्तूवर आणि माहिती दुसरीकडे, हे तत्त्व आजही टिकून आहे.

३. समान अर्थ
2000 मध्ये जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीसंबंधी युरोपीय निर्देश आला. त्याच सुमारास मोटार कंपन्यांनी आयएमडीएस ही सामायिक प्रणाली उभारली. तिच्यात सुटा भाग, त्यातले साहित्य आणि साहित्यातले रसायन अशी उतरंड असते. रसायनाची नावे देशोदेशी बदलतात, म्हणून ओळखीसाठी सीएएस क्रमांक वापरतात.

हे का लागते? माझ्या वर्गात दोन गटांनी एकाच सेलची नोंद केली. एकाने क्षमता 2.5 लिहिली, दुसऱ्याने 9. दोघेही बरोबर होते! पहिल्याचे एकक अँपिअर-तास, दुसऱ्याचे वॉट-तास, सेल 3.6 व्होल्टचा. पण एककाविना संगणकाला ते दोन वेगळे सेल वाटले. रकाने जुळले, अर्थ जुळला नाही.

४. पासपोर्ट
युरोपीय संघाच्या 2023/1542 या नियमनानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या विद्युत वाहनांच्या, ई-स्कूटरसारख्या हलक्या वाहनांच्या आणि 2 किलोवॉट-तासांहून मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागेल. तिथे माल पाठवणाऱ्या भारतीय उद्योगालाही ते चुकणार नाही. क्यूआर कोडने तो उघडेल. काही माहिती सर्वांसाठी खुली असेल. सुटे करण्याची माहिती ज्यांचे रास्त काम आहे त्यांनाच मिळेल. बॅटरी दुसऱ्या कामासाठी वापरली, तर नवा पासपोर्ट जुन्याशी जोडावा लागेल. म्हणजे खूण, क्रमांक आणि अर्थ यांत आता अधिकार आणि इतिहास यांची भर पडली.

लक्षात ठेवा, प्रत्येक टप्प्यावर यंत्रापेक्षा अवघड होती ती सहमती. रकान्याचे नाव ठरवताना तुम्ही कधीही न भेटलेल्या त्या कामगाराशी बोलत असता.

स्वाध्याय: ई-स्कूटरच्या बॅटरीसाठी दहा रकान्यांची नोंद तयार करा. प्रत्येकापुढे एकक, माहिती भरणारा आणि ती पाहू शकणारा लिहा. मग शेजारच्या गटाची नोंद तुमच्या नोंदीत बसते का, ते तपासा.