घासलेलं फूल

दुसऱ्या महायुद्धातली एखादी जपानी अरिसाका रायफल विकायला निघाली, की संग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फूल आहे की घासलंय?

फूल म्हणजे सोळा पाकळ्यांची शेवंती, जपानच्या सम्राटाच्या घराण्याचं चिन्ह. नळी मागच्या बाजूला ज्या पोलादी घरात बसते आणि काडतूस जिथून आत सरकतं, त्या भागाला रिसीव्हर म्हणतात. शेवंती तिथेच, वरच्या बाजूला, ठोकलेली असायची. अर्थ सरळ होता : रायफल सम्राटाची आहे, सैनिकाकडे फक्त वापरायला दिली आहे. १९४५ मध्ये जपान शरण आला आणि या रायफली ताब्यात द्यायची वेळ आली, तेव्हा देण्याआधी कित्येक शेवंतींवरून कानस किंवा ग्राइंडर फिरला. आज काही रायफलींवर फुलाच्या जागी साफ सपाट पोलाद दिसतं, तर काहींवर घाईघाईत मारलेले चार ओरखडे.

संग्राहकांच्या बाजारात शाबूत फुलाची रायफल महाग आणि घासलेली स्वस्त. मूळ स्थितीतल्या वस्तूला जास्त भाव, हा जुन्या नाण्यांपासून पोस्टाच्या तिकिटांपर्यंत सगळीकडचाच नियम. पण इथे जरा थांबून बघा. फूल शाबूत राहिलं कधी? बहुतेकदा शरणागतीच्या आधी, लढाई चालू असताना रायफल शत्रूच्या हाती लागली तेव्हा. आणि त्या युद्धात जपानी सैनिक जिवंतपणी हत्यार क्वचितच खाली ठेवत. म्हणजे शाबूत फुलाच्या रायफलीचा शेवटचा जपानी मालक बहुधा तिच्या शेजारीच पडलेला होता. घासलेल्या फुलाची रायफल मात्र कुणीतरी रांगेत उभं राहून ढिगात ठेवली, आणि तो माणूस कदाचित घरी परतला.

बाजार जास्त पैसे पहिलीला देतो.

या छंदात भाव ठरतो तो मुख्यतः छाप आणि आकडे वाचून. बोल्ट-ॲक्शन रायफलीचं यंत्र तसं सोपं. दाराच्या कडीसारखा एक दांडा, म्हणजे बोल्ट, वर उचलून मागे ओढायचा. रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलून खाली फिरवला, की नवीन काडतूस आत जातं आणि बोल्ट रिसीव्हरच्या खाचेत अडकतो. गोळी सुटताना मागे येणारा सगळा जोर हा अडकलेला बोल्ट पेलतो, त्यामुळे ती जोडी नीट जुळलेली असावी लागते. म्हणून कारखाने दोन्ही भागांवर एकच नंबर ठोकत. सुरक्षेसाठी केलेली ही सोय पुढे संग्राहकांसाठी शुद्धतेची कसोटी झाली. सगळे नंबर जुळले तर भाव वर. एक जरी वेगळा निघाला तरी खाली.

पण ज्या रायफलीने आयुष्यात खरंच काही पाहिलं, तिचे नंबर जुळत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच कमिट असलेली रिपॉझिटरी दिसायला स्वच्छ असते, पण गोष्ट कळते ती पन्नास जणांनी हात घातलेल्या रिपॉझिटरीत.

फिनलंडचं उदाहरण घ्या. १९१७ मध्ये रशियापासून स्वतंत्र झालेल्या या देशाकडे झारच्या सैन्याच्या मोसिन-नागांत रायफली होत्या. फिनिश कारखान्यांनी त्यांना नव्या नळ्या आणि नवे दस्ते दिले, पण रिसीव्हर रशियनच ठेवले. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत सैन्य चालून आलं, तेव्हा फिनिश सैनिक रशियात घडलेल्या पोलादानेच लढत होते. नंतरच्या एम-३९ रायफलीची नळी १९४२ ची असते, वर फिनिश सैन्याचा 'एसए' हा चौकटीतला छाप असतो. पण दस्ता काढून रिसीव्हरची शेपटी उलटी केली, की कधीकधी १८९६ सारखं साल सापडतं. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' धरली जाते, आणि कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे रिसीव्हर. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात लढलेली ही रायफल कागदोपत्री एकोणिसाव्या शतकातली ठरते.

याहून विचित्र प्रवास जर्मन माउझर के-९८ चा. १९४८ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या इस्राएलला शस्त्रं हवी होती आणि चेकोस्लोव्हाकिया ती विकायला तयार होता. त्यात माउझर रायफली होत्या. आज संग्रहांमध्ये अशा काही रायफली आहेत ज्यांच्यावर नाझी गरुडाचा छाप आणि इस्राएली सैन्याची खूण शेजारी-शेजारी आहेत. काहींवरचा गरुड खरवडला आहे, काहींवर तसाच आहे. पुढे बऱ्याच रायफलींना ७.६२ मिमी नाटो काडतुसाची नळी बसवली गेली आणि घोटाळा होऊ नये म्हणून दस्त्यावर '७.६२' हा आकडा मोठ्या अक्षरांत डागला गेला. ज्यांना संपवायला हे हत्यार घडवलं, त्यांच्याच हातात ते तीन वर्षांत आलं. 'जुळणारे नंबर' या निकषावर अशा रायफलीचं मोजमाप करायला गेलं, तर हातात काय येणार?

आपली रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड बनायची तेव्हा तिच्यावर ब्रिटिश मुकुट असे. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, 'आरएफआय' ही अक्षरं उरली, आणि १९६० च्या दशकात तोच साचा ७.६२ मिमी काडतुसासाठी बदलून '२ए' रायफल तयार झाली. मूळ थ्री नॉट थ्री पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर एके-४७ समोर तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० मध्ये. ईशापूरच्या कित्येक रायफली आज अमेरिकेतल्या घरांत आहेत. तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांच्यावर आयातदाराचं नाव कोरलेलं असतं आणि संग्राहक त्या ओळीवर नाक मुरडतात. खरं तर ती लॉगमधली शेवटची नोंद.

भारतात सामान्य माणसाला सैनिकी काडतुसाची रायफल ठेवता येत नाही. ही बंदी ब्रिटिशांच्या काळापासूनची. म्हणून परवानाधारकांसाठी .३१५ ची रायफल आली. गंमत अशी, की तिचं काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या जुन्या काडतुसावर बेतलेलं आहे. एका साम्राज्याचं काडतूस नाकारलं आणि त्याजागी दुसऱ्याचं दिलं.

जुन्या हत्यारांचा छंद पाहून काहींना शौर्य आठवतं, काहींना किळस येते. मला त्यातलं वाचन महत्त्वाचं वाटतं. राज्यं आपली खूण ठोकतात, पुढची राज्यं ती खरवडतात, आणि दोन्हींचा पुरावा एकाच पोलादावर राहतो. बाजार मात्र 'जणू काही घडलंच नाही' अशा वस्तूला वरचा भाव देतो. त्या भावापायी घासलेल्या अरिसाकांवर नवीन शेवंती कोरून देणारेही निघाले.

पण कानशीने गेलेलं पोलाद परत येत नाही. नवं फूल कितीही सुबक असलं तरी ते आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोलगट जागेत बसतं. जाणकार तिथे डोळ्यांवर विसंबत नाही, बोट फिरवून पाहतो.