विजापूर : घुमटाकडून बावडीकडे

श्रोते हो, सोलापूरहून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर. पहाटे निघावे, दिवसभर शहर पाहावे आणि रात्री घरी परतावे, एवढ्या अंतरावर. कर्नाटकातल्या या शहराचे सरकारी नाव २०१४ साली विजयपुरा झाले. आपल्या तोंडी मात्र विजापूरच बसले आहे. सुमारे १४९० पासून १६८६ पर्यंत ही आदिलशाहीची राजधानी होती. शहाजीराजांनी याच दरबारची चाकरी केली, आणि १६५९ साली अफझलखान शिवाजीमहाराजांवर चालून निघाला तोही इथूनच.

गाईड आपल्याला पहिल्याप्रथम नेतो तो गोलघुमटात. ही १६५६ साली वारलेल्या महंमद आदिलशहाची कबर. आतले दालन लांबीरुंदीला सुमारे १३५ फूट, आणि मधे एकही खांब नाही! एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी घुमटाचा भार भिंतींवर उतरवला आहे. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कोणी कुजबुजले, तर शंभराहून अधिक फुटांवर, पलीकडच्या बाजूला ते ऐकू येते. टाळी वाजवली तर ती पुन्हापुन्हा परत येते. मुले खूष होतात. गुरुजनहो, तेव्हाच त्यांना एक प्रश्न विचारून ठेवावा : या शहराशी मोठी नदी नाही, पाऊस बेताचा; मग राजधानी पाणी कुठले पीत होती?

उत्तर शोधायला शहराच्या पश्चिम अंगाला जावे लागते. वाटेत बुरुजावर मुलुखमैदान तोफ लागते. ही १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली. पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ च्या सुमारास विजापुरी आली. वजन अंदाजे पंचावन्न टन. अशी ही तोफ १८५४ साली लिलावात काढली, तेव्हा बोली आली अवघी दीडशे रुपयांची! विक्री रद्द झाली म्हणून ती आज आपल्याला दिसते.

जवळच ताजबावडी आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६२० साली, राणी ताज सुलतानाच्या नावाने ती बांधली. भव्य कमानीतून पायऱ्या उतरून पाण्याशी जाता येते. अशा बावड्यांखेरीज पश्चिमेकडच्या तोरवे गावाकडून, आणि १६५१ साली बांधलेल्या बेगम तलावातून, जमिनीखालून पाणी शहरात आणले होते. त्यासाठी खापरी नळ घातले होते. वाटेत दगडी मनोरे उभारले होते, त्यांना गंज म्हणतात. पाण्याचा जोर तुटावा आणि गाळ खाली बसावा, ही त्यातली युक्ती. काही गंज अजून उभे आहेत. पण सहलीची मंडळी त्यांच्यावरून सरळ पुढे जातात, कारण तिथे ना कबर, ना तोफ.

१६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले. राजधानीपण गेले, वस्ती ओसरली. नळ बांधणारा कितीही हुशार असो, दरसाल गाळ काढणारा हात नसेल तर पाणी थांबते. हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. खुद्द ताजबावडीतही पुढे कचरा साचला होता. अलीकडच्या काळात गाळ उपसून ती साफ केली, तेव्हा तिला पुन्हा रूप आले.

म्हणून सहल घरी आली की एक काम करावे. आपल्या गावची जुनी बारव किंवा विहीर मुलांना दाखवावी. ती कोणी बांधली, गाळ शेवटचा कधी काढला, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणायला सांगावे. तोही इतिहासच आहे, बरं का. आणि तो पाहायला गाईड लागत नाही.