लोकचर्चा, कोल्हापुरातील

लोकचर्चा, कोल्हापुरातील : कायदा, राज्यकारभार, विज्ञान आणि तंत्र यांविषयी कोल्हापूर शहरात व करवीर परिसरात सामान्य नागरिकांमध्ये नित्य चालणाऱ्या, आणि तालमी, पेठा, वाचनालये, चौक व वृत्तपत्रे यांच्या आश्रयाने वाढलेल्या वादविवादाची परंपरा. या परंपरेचा माग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काढता येतो. ओट्यावर सुरू झालेला वाद अर्ज, ठराव, निवेदन, मोर्चा किंवा दावा यांपैकी कोणत्या तरी मार्गाने सरकारी दफ्तरापर्यंत न्यावयाचा आणि तेथून त्याचा लेखी निकाल मिळवावयाचा, हा तिचा मुख्य विशेष होय. आणि या विशेषामुळेच कोल्हापुरातील वाद हे करवीरच्या सामाजिक इतिहासाचे एक विश्वसनीय साधन ठरले आहे.

स्थाने व साधने : १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर हे या परंपरेचे सर्वांत जुने नागरी अधिष्ठान मानावे लागेल, कारण पुस्तक वाचणे आणि वाचलेल्यावर चार माणसांत बोलणे या दोन्ही गोष्टींची सोय त्याने एका छताखाली केली. त्याच्या जोडीस पेठापेठांतील तालमी आहेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती उभ्या राहिलेल्या या संस्था गणेशोत्सव, शिवजयंती, पूरग्रस्तांची सोय आणि निवडणूक अशा सर्वच प्रसंगी पेठेची पंचायत म्हणून वावरतात, आणि शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एखादा प्रश्न तालमीत मांडला गेला म्हणजे तो शहराचा प्रश्न झाला असे समजले जाते. गंगावेशीतला दूधकट्टा, रंकाळ्याचा काठ, मिरजकर तिकटी आणि दसरा चौकातील शाहू स्मारक भवन ही या चर्चेची आणखी काही परिचित ठिकाणे होत.

बिंदू चौकास यांत स्वतंत्र स्थान आहे. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी या चौकात महात्मा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभारण्यात आले; डॉ. आंबेडकर त्या वेळी हयात होते. प्रतिपक्षाने आरोप केल्यास ‘बिंदू चौकात समोरासमोर या’ असे जाहीर आव्हान देण्याची जिल्ह्याच्या राजकारणातील रीत अद्याप टिकून आहे. वृत्तपत्रांपैकी बाळासाहेब पाटील यांचे ‘सत्यवादी’ आणि १९३९ मध्ये दैनिक म्हणून सुरू झालेले ग. गो. जाधव यांचे ‘पुढारी’ यांनी चौकातील बोलणे छापील रूपात गावोगाव पोचविले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या परंपरेस आजचे वळण लावणारा वाद म्हणजे वेदोक्त प्रकरण. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगा नदीवर स्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्त (वेदांतील) मंत्रांऐवजी पुराणोक्त (पुराणांतील) मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले, आणि छत्रपतींच्या घराण्यास वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, या एका प्रश्नाने करवीर (कोल्हापूर) संस्थान ढवळून निघाले. वरवर धर्मशास्त्राचा दिसणारा हा वाद लवकरच कायद्याचा झाला. पुरोहिताचे इनाम हे सेवेच्या मोबदल्यात दिलेले असेल, तर सेवा नाकारल्यावर ते चालू ठेवण्यास दरबार बांधलेला आहे काय, असा मुद्दा पुढे आला. राजपुरोहित राजोपाध्ये यांचे इनाम १९०२ मध्ये खालसा झाले आणि त्यांनी त्याविरुद्ध इंग्रज सरकारकडे मागितलेली दाद मंजूर झाली नाही. १९०१ मध्ये पुण्याच्या ‘केसरी’ने अग्रलेख लिहून या प्रकरणात दरबारविरोधी बाजू घेतली, त्यामुळे करवीरचा वाद महाराष्ट्राचा वाद बनला.

याच मंथनातून २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा निघाला. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकानिमित्त विलायतेस गेलेले असता करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झालेल्या या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. प्रतिनिधित्वाचा हा वाद सव्वाशे वर्षांनंतरही देशाच्या न्यायालयांत चालू आहे, आणि त्याचा पहिला लेखी निवाडा करवीरच्या दफ्तरात नोंदलेला आहे, ही गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे. पुढे १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, १९१८ मध्ये कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले, आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता मिळाली.

कायद्याने मिळालेला हक्क रस्त्यावर टिकतो की नाही, याची परीक्षाही याच काळात झाली. गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या साहाय्याने शहरात चहाचे हॉटेल उघडले, तेव्हा अस्पृश्य गणल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यावा की नाही, हा त्या दिवसांतला सर्वांत कडवा लोकवाद होता. महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेत आणि सोबतच्यांनाही घ्यावयास लावीत, हेच त्या वादाचे उत्तर ठरले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेस महाराज उपस्थित राहिले, आणि तेथे संमत झालेल्या ठरावांनी चर्चा लेखी स्वरूपात उतरविण्याची करवीरची रीत वंचितांच्या हाती आली. १९३९ मधील प्रजा परिषदेची स्थापना आणि १ मार्च १९४९ रोजी झालेले संस्थानचे मुंबई राज्यातील विलीनीकरण यांनी या परंपरेस लोकशाहीचे अधिष्ठान दिले.

कायदाविषयक चर्चा : विलीनीकरणापूर्वी कोल्हापूर संस्थानास स्वतःचे उच्च न्यायालय होते. ते गेल्यानंतर अपिलासाठी मुंबईस जाणे पक्षकारांच्या नशिबी आले, आणि सुमारे पावणेचारशे किलोमीटरांचा प्रवास, मुंबईतला मुक्काम, वकिलाची फी आणि तहकूब होणाऱ्या तारखा यांचा हिशेब गावच्या पारावर मांडला जाऊ लागला. यातून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठाची मागणी पुढे आली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील सुमारे चार दशके तीसाठी झगडले. ते वेळोवेळी न्यायालयीन कामकाजापासून अलिप्त राहिले, आणि पेठांतील तालमी व नागरी संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पुण्याचीही अशीच मागणी असल्यामुळे कोणत्या शहराचा हक्क अधिक, हा उपवादही बराच काळ चालला.

या चर्चेने सामान्य माणसास एक सूक्ष्म कायदेशीर भेद शिकविला. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ च्या दुसऱ्या पोटकलमान्वये स्थायी खंडपीठ स्थापण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे. तिसऱ्या पोटकलमान्वये मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अन्य ठिकाणी न्यायपीठ (सर्किट बेंच) बसवू शकतात. औरंगाबाद येथे १९८१ मध्ये तिसऱ्या पोटकलमाचा मार्ग प्रथम अवलंबिण्यात आला आणि काही वर्षांत तेथे स्थायी खंडपीठ झाले. कोल्हापूरच्या बाबतीत मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये याच तिसऱ्या पोटकलमाखाली अधिसूचना काढली. १७ ऑगस्ट रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचे उद्‌घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसिंगजी मार्गावरील जुन्या न्यायालयीन इमारतीत कामकाज सुरू झाले. या सर्किट बेंचचे स्थायी खंडपीठात रूपांतर व्हावे, ही मागणी आता वादाचा पुढचा टप्पा बनली आहे.

राजकीय व नागरी चर्चा : शहरांतर्गत रस्त्यांच्या कामापोटी बसविलेला टोल हा एकविसाव्या शतकातील सर्वांत व्यापक लोकवाद होय. प्रा. एन. डी. पाटील (१९२९–२०२२) आणि ॲड. गोविंद पानसरे (१९३३–२०१५) यांच्यासारख्या नेत्यांनी हा प्रश्न मांडताना भावनेबरोबर कराराच्या कलमांवरही बोट ठेवले: रस्त्यांचे मूल्यांकन कोणी केले, कामे करारानुसार पुरी झाली काय, आणि शहराच्या रहिवाशांना शहरातच फिरण्यासाठी पैसे का पडावेत, हे प्रश्न रिक्षाचालकापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी होते. महामोर्चे निघाले, काही काळ आंदोलनास हिंसक वळणही लागले, नाकी जाळली गेली. अखेरीस राज्य शासनाने हा टोल रद्द केला.

याउलट हद्दवाढीचा वाद अद्याप निकालात निघालेला नाही. १८५४ मध्ये नगरपालिका आणि १९७२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराचे क्षेत्र ६६.८२ चौ. किमी. एवढेच राहिले आहे. शहरवासी विकासासाठी वाढीव हद्द मागतात, तर लगतच्या गावांना शेती, घरपट्टी आणि ग्रामपंचायतीचे स्वातंत्र्य यांची चिंता वाटते. दोन्ही बाजू सारख्याच तपशिलाने बोलतात, हे या वादाचे वैशिष्ट्य होय. काळम्मावाडी धरणातून शहरास थेट नळाने पाणी आणण्याची मागणीही अशीच दशकानुदशके चालली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचले.

विज्ञान व तंत्रविषयक चर्चा : जलशास्त्र हा कोल्हापुरातील सर्वांत लोकप्रिय वैज्ञानिक विषय म्हणता येईल. पावसाळ्यात कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फूट व इंचांत सांगता न येणारा नागरिक विरळा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी लहान मुलांसही तोंडपाठ असते. शाहू महाराजांनी भोगावतीवर आरंभिलेल्या राधानगरी धरणास पाण्याच्या दाबाने उघडणारे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एका दरवाज्यातून सेकंदास १,४२८ घनफूट पाणी सुटते, म्हणजे सातही उघडल्यास सुमारे दहा हजार. किती दरवाजे उघडले आणि ते पाणी शहराजवळ केव्हा येणार, याचे गणित चहाच्या टेबलावर मांडले जाते. उन्हाळ्यासाठी बरगे (फळ्या) घालून पाणी अडवावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून नदीस वाट द्यावयाची, हा ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या भूमीने राज्यास दिला असल्यामुळे या विषयात इथला शेतकरी अभियंत्याशी बरोबरीने बोलतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावरील पातळी पंचावन्न फुटांच्या पुढे गेली, आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा प्रश्न ऐरणीवर आला. या धरणाची जलपातळी ५१९.६० मीटरांवरून ५२४.२५६ मीटरांपर्यंत वाढविण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयापुढील कार्यवाहीमुळे तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध होणे थांबलेले आहे. पुराच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने अल्पावधीतील अतिवृष्टी व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर भर दिला आणि फुगवट्यास महापुराचे मुख्य कारण मानले नाही. हा निष्कर्ष पूरग्रस्तांपैकी अनेकांस मान्य नाही. पूररेषेच्या आत झालेली बांधकामे हा मुद्दा मात्र दोन्ही पक्षांस नाकारता आलेला नाही.

अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव हा श्रद्धा आणि खगोलशास्त्र यांच्या सीमेवरील वाद होय. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येऊन अनुक्रमे मूर्तीचे चरण, मध्यभाग व मुख उजळतात. हे दोन कालखंड दक्षिणायनान्ताच्या आधी व नंतर सुमारे एकेचाळीस दिवसांच्या सारख्याच अंतरावर आहेत, आणि दोन्ही वेळी सूर्याची दक्षिण क्रांती सुमारे सतरा अंश असते. वर्षातून दोनदा तेच दृश्य दिसण्याचे कारण हेच. काही वर्षी किरण मूर्तीपर्यंत पोहोचत नाहीत, तेव्हा ढग, हवेतील बाष्प, धूळ आणि महाद्वार रस्त्यावरील इमारतींचे अडथळे यांची चर्चा होते. अध्यापक मोजमापे घेतात आणि महापालिकेपुढे अडथळे हटविण्याचा प्रश्न उभा राहतो. एका सूर्यकिरणाच्या निमित्ताने भूमिती, वारसा आणि बांधकाम नियमावली यांची एकत्र चर्चा येथे घडते.

मर्यादा : या परंपरेवर दोन गंभीर आघात झाले. ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकाचे लेखक आणि श्रमिक प्रतिष्ठानच्या व्याख्यानांद्वारे विचारमंथन घडविणारे गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी त्यांच्या घराजवळ गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. युक्तिवादास शस्त्राने दिलेले हे उत्तर करवीरच्या सव्वाशे वर्षांच्या रीतीचा उघड अव्हेर होते. दुसरा आघात भ्रमणध्वनीच्या मार्गाने आला: जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून शहरात तणाव निर्माण होऊन दगडफेक झाली. समोरासमोर बोलणाऱ्या माणसास आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते; पडद्यावरच्या मजकुरास ती घ्यावी लागत नाही, आणि पेठेतील ज्येष्ठांची मध्यस्थी तेथवर पोहोचत नाही. स्त्रियांचा सहभाग ही या परंपरेची जुनी उणीव आहे. तालीम आणि कट्टा ही दोन्ही स्थाने प्रामुख्याने पुरुषांची राहिली, त्यामुळे पाणी, महागाई आणि मंदिरप्रवेश यांसारख्या प्रश्नांवर स्त्रियांना स्वतंत्र मोर्चे व संघटना उभाराव्या लागल्या.

मूल्यमापन : वेदोक्तापासून सर्किट बेंचपर्यंतचे वाद एकत्र पाहिले असता असे दिसते, की जेथे मागणी नेमक्या शब्दांत, आकड्यांनिशी आणि योग्य अधिकाऱ्यापुढे मांडली गेली, तेथे विलंबाने का होईना, पण जाहीरनामा, कायदा किंवा अधिसूचना या रूपाने तिचे फळ मिळाले; जेथे ती केवळ घोषणेपुरती राहिली, तेथे प्रश्न पिढीमागून पिढी तसाच पुढे सरकला. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याविषयी बोलणारे सर्वत्र आहेत. परंतु कोणत्या नाल्यातून किती सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जाते, याची नोंद पावसाळी पाणीपातळीसारखी रोजच्या रोज प्रसिद्ध होऊन लोकांच्या तोंडी बसलेली नाही. ज्या शहराने पुराचे फूट व इंच पाठ केले, त्याने नदीच्या शुद्धतेचे आकडेही पाठ करावेत आणि त्यांच्या आधारे दफ्तराकडे दाद मागावी, हे या परंपरेचे पुढचे आणि सर्वांत निकडीचे कार्य होय.