मुदतीत बांधलेला महासंगणक

स्टार्टअपमध्ये सॉफ्टवेअरचा चमू कसा चालवावा, हे शिकवणारी पुस्तके हल्ली परदेशातून येतात. ही पद्धतही आपल्याकडे २००० नंतर गुंतवणूकदारांच्या पैशाबरोबरच आली, असा समज पक्का झाला आहे. तो तितकासा खरा नाही. मुदत आणि पैसा आधी बांधून घ्यायचा, माणसे तरुण निवडायची आणि काय बनवायचे नाही हे वेळीच ठरवायचे, ही रीत या देशात त्याच्या बरीच आधी रुजली होती, आणि तीही सरकारी पैशावर. पुण्यात ती राबवणारे विजय भटकर वऱ्हाडातले. त्यांचे मुरंबा गाव मूर्तिजापूर तालुक्यात, तर पुढे दाखल्याला घेतलेले धनज हे गाव लगतच्या कारंजा तालुक्यात. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही गावांचा जिल्हा अकोलाच होता. नागपूर, बडोदा आणि दिल्ली आयआयटी असे शिक्षण घेतलेल्या भटकरांकडे १९८८ साली ‘सी-डॅक’ या सरकारी संगणक संस्थेची सूत्रे आली.

या रीतीचा आधीचा दाखला टेलिफोन एक्स्चेंज घडवणाऱ्या ‘सी-डॉट’चा. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने ही संस्था निघाली तेव्हा हिशेब सुटसुटीत होता: ३६ महिने, ३६ कोटी रुपये. मोठ्या शहरी एक्स्चेंजचे काम त्या मुदतीत पुरे झाले नाही आणि त्यावर टीकाही झाली. पण वाटेत एक लहान वस्तू तयार झाली होती, १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज. ते १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. त्याला वातानुकूलनाची गरज नव्हती, आणि माझ्या मते सगळी हुशारी इथेच होती. परदेशी एक्स्चेंज थंड, बंदिस्त खोली गृहीत धरून घडवलेले असे. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या धनजसारख्या गावात अशी खोली कोण बांधणार आणि तिला अखंड वीज कोण पुरवणार? गिऱ्हाइकाची परिस्थिती आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम तिथे पाळला गेला.

सी-डॅकची गरज वेगळी होती. अमेरिकेने हवामान अंदाजासाठी एक क्रे संगणक दिला तो अटी घालून, आणि त्याहून ताकदीचा नाकारला. तेव्हा तीन वर्षांत, सुमारे ३० कोटींत स्वतःचा महासंगणक उभारायचे ठरले. भटकरांच्या चमूने स्वतःची चिप घडवण्याचा हट्ट धरला नाही. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर घेतले, ते समांतर जोडले आणि आपले कष्ट जोडणीवर व ‘पारस’ या सॉफ्टवेअरवर खर्ची घातले. १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला.

चिप परकी असेल तर स्वदेशीचा डंका कशाला, असे तेव्हाही विचारले गेले. प्रश्न रास्त आहे, पण चिपचा कारखाना काढला असता तर तीन वर्षे पाया खणण्यातच गेली असती. परावलंबनाची किंमत मात्र मोजावी लागली. इनमॉसची पुढची चिप रखडली आणि १९९४ च्या ‘परम ९०००’ साठी दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरकडे वळावे लागले. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: सरकारी तिजोरी पाठीशी असताना याला स्टार्टअप म्हणायचे कसे? बुडण्याची भीती नाही, गिऱ्हाईक शोधण्याची वणवण नाही. हे मी बऱ्याच अंशी मान्य करतो. ‘परम’ मॉस्कोपर्यंत गेला, तरी तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या संस्थांच्याच उपयोगाचा राहिला. बाजाराचा धाक नसला की चमू यंत्राच्या वेगावर भाळतो, हा धोका तिथे होताच.

तरी त्याच संस्थेतल्या दुसऱ्या चमूकडे पाहिले की हा आक्षेप बोथट होतो. मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये सुरू केलेले ‘जिस्ट’चे काम १९८८ मध्ये सी-डॅककडे आले. साध्या पीसीत एक कार्ड खोचायचे आणि त्यावरच्या इंग्रजी प्रोग्रामांतून भारतीय लिप्यांत काम करायचे, एवढीच मागणी त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली. त्याला ‘परम’सारखा गाजावाजा लाभला नाही, वर्तमानपत्रांना महासंगणकच हवा होता. पण गिऱ्हाइकाचे नेमके दुखणे या चमूला कळले होते: लिपी वेगळी असली तरी कारकुनाला रोजचे काम नव्याने शिकायला लावायचे नाही. त्यांनी सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांची अक्षरे एकाच क्रमाने मांडणाऱ्या ‘इस्की’ संकेताचा आग्रह धरला. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी केली ती इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून. इनमॉसचे ट्रान्सप्युटर आता संग्रहालयात शोधावे लागतात. धनजचा शेतकरी मोबाइलवर सातबारा उघडतो तेव्हा त्याच्या नावातली अक्षरे आजही त्याच क्रमाने साठवलेली असतात.